छत्रीचं भाडं

ॲबर्डीनच्या बंदरात मी पोलादाचे सांधे तपासते.
सांध्यावर जेली फासायची, यंत्राची बोटभर कांडी टेकवायची
आणि पडद्यावरची रेघ कुठे दचकते ते बघत बसायचं.
भेग वरून दिसत नाही.
तिच्यावर आपटून परतलेला आवाज सांगतो, ती किती खोल आहे.

एवढं मला येतं.
एजन्सीच्या कॅट्रिओनाने फोनवर जे विचारलं, ते येत नाही.
"इशबेल, सोमवारपासून कशी येणार?
छत्रीतून, की स्वतःच्या कंपनीतून?"
जणू विचारत होती, बसने की चालत.

ही छत्री पावसाची नव्हे.
इथला पाऊस आडवा येतो, छत्री उघडतं कोण?
ही म्हणजे कुठल्यातरी दूरच्या गावातलं, मी कधी न पाहिलेलं ऑफिस.
ते मला नोकरीवर ठेवतं
आणि मालकाने भरायचा विमा माझ्याच दरातून भरतं.
सुट्टीचा पगारही देतं,
माझ्याच खिशातून काढून, नीट घडी घालून.
वर आठवड्याला बावीस पौंड, छत्रीचं भाडं.
पण रात्रपाळी करून आलेल्या बाईला
एक कागद भरावा लागत नाही,
हेही खोटं नाही.

रुआरीने कंपनी काढली.
तोच संचालक, तोच भागधारक, तोच कामगार.
आपलेच दात, आपलेच ओठ.
फेब्रुवारीत छातीत कफ भरला
तेव्हा त्याने रजा मागितली आणि नाकारली
एकाच उशीवर डोकं ठेवून.

इनव्हरुरीला, खाटकाच्या दुकानावर,
हिशेबनीस टुलक बाईंची खोली.
त्यांनी कागद पुढे सरकवला. "हा प्रश्न नीट वाच.
तुझ्या जागी दुसरं कुणी पाठवता येईल का?
हो म्हणालीस तर तू धंदा असू शकतेस.
नाही म्हणालीस तर बहुधा नोकरच,
मग दारावर पाटी कसलीही लाव."

खाली सुरा हाडावर पडत होता.

माझे बाबा टॉरीच्या शेडमध्ये एकतीस वर्षं
हॅडक माशाचे काटे काढायचे.
पक्की नोकरी. कार्ड, पेन्शन, नाताळला टर्की.
मंगळवारी बर्फावरून घसरले, खुब्याचं हाड मोडलं.
बुधवारी सकाळी सहाला त्यांच्या जागी आंद्रिस उभा होता,
लाटव्हियाचा पोरगा, बाबांचा ॲप्रन, बाबांचीच सुरी.
शनिवारी तो सुरी परत द्यायला घरी आला, वर्तमानपत्रात गुंडाळून.
बाबांनी पलंगावरून त्याचे हात पाहिले.
"ठेव तुझ्याकडेच. चांगला कापतोस म्हणे."
मग भिंतीकडे वळले.

म्हणजे बाबांच्या जागीही दुसरं माणूस येत होतंच.
फक्त कोण, ते सांगायची सोय बाबांना नव्हती.

टुलक बाई म्हणाल्या, "घाई नाही."
घाई होती. शुक्रवार होता.

पीटरहेडची शोना आहे, मीच शिकवलेली.
पातळ पाइपवर तिचा कान माझ्यापेक्षा चांगला,
हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.
मी तिचं नाव लिहिलं आणि 'हो'वर खूण केली.
बरोबर केलं का, ते एप्रिलमध्ये कळेल,
किंवा पुढच्या खोकल्यात.

गॅरिऑख नाव आधीच कुणी घेतलेलं निघालं,
फाइफमधलं कुत्र्यांचं पाळणाघर.
शेवटी माझी कंपनी चहाच्या डब्यावरच्या नावाने जन्माला आली.

तिचं पहिलं पत्र मीच लिहिलं:
श्रीमती इशबेल गॅरिऑख यांस,
वडिलांना इस्पितळात नेण्यासाठी गुरुवारची रजा मंजूर.
बिनपगारी.
खाली दोन सह्या, देणारीची आणि घेणारीची.
दोन्ही माझ्याच.
उजेडाला धरून पाहिल्या,
जुळत नाहीत.